भीतीची मुदत

आमच्या सोसायटीतली एक मुलगी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा जिन्यात गाठून म्हणाली, "काका, वादविवाद स्पर्धा आहे. विषय: दहशतवादाची भीती दाखवून सरकारं सत्ता मिळवतात का? माझ्याकडे 'हो' ही बाजू आलीय. तुम्ही टाडाच्या काळापासून ठाण्याच्या कोर्टात फौजदारी करताय. सांगा ना काहीतरी." जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहून देतोय.

पहिलं सांगतो, भाषणातून 'खोटी भीती' हा शब्द काढून टाक. तुझ्या बाजूचे निम्मे वक्ते तिथेच पडतात. भीती खोटी नसते. 13 मार्च 2003 च्या संध्याकाळी मुलुंडला कर्जत लोकलच्या महिला डब्यात स्फोट झाला, तेव्हा तुझी काकू त्याच्या आधीच्या गाडीने ठाण्याला उतरली होती. तिला सुखरूप पाहूनही माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते. 2008 च्या 31 मे ला वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला आणि 4 जूनला आपल्या गडकरी रंगायतनमध्ये स्फोट होऊन सात माणसं जखमी झाली. नाटकाला जाणारी माणसं ती. त्याच वर्षी जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा ईमेल गेला, तो सानपाड्यात राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या उघड्या वाय-फायवरून. नोव्हेंबरात 26/11 झालं, 166 जीव गेले. हे सगळं तुझ्या-माझ्या लोकलच्या अंतरावर घडलंय. अशा गावात उभं राहून 'भीती हा बनाव आहे' म्हटलंस, तर परीक्षक मनातल्या मनात तुझं नाव खोडतील.

तेव्हा मुद्दा असा मांड: स्फोट खरा, भीतीही खरी, पण त्या भीतीत जनतेने दिलेला अधिकार सरकार परत करत नाही. भीती सहा महिन्यांत ओसरते. कायदा तीस वर्षं राहतो, आणि बहुतेक वेळा ज्याच्यासाठी केला त्याला सोडून भलत्याच माणसाच्या मानेवर बसतो.

हे इंग्रजांपासून चालत आलंय. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या दिवसांत प्लेग अधिकारी रँडचा खून झाला. सरकारला खुनी सापडायच्या आत नातू बंधू आत गेले. कशाखाली? 1827 च्या मुंबई इलाख्यातल्या एका रेग्युलेशनखाली, म्हणजे सत्तर वर्षं जुन्या कायद्याखाली. आरोपपत्र नाही, खटला नाही, आणि सुमारे दोन वर्षं स्थानबद्धता. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तोही त्याच लाटेत. पुढे 21 डिसेंबर 1909 ला नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. अनंत कान्हेरे अठरा वर्षांचा. त्याला आणि त्याच्या दोन साथीदारांना 19 एप्रिल 1910 ला इथेच, ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. कोर्ट नाक्यावरून रोज जाताना मला ती तारीख आठवते. पण फाशी व्हायच्या आधीच, फेब्रुवारी 1910 मध्ये, सरकारने नवा प्रेस अ‍ॅक्ट करून घेतला होता. गोळी झाडली एकाने आणि अनामत भरायची वेळ आली छापखान्यांवर.

रौलट कायदा तर तुला शाळेपासून पाठ आहे: ना वकील, ना दलील, ना अपील. पण तो कशासाठी केला हे क्वचित कुणी सांगतं. पहिल्या महायुद्धात सरकारने 1915 चा भारत संरक्षण कायदा करून भरमसाट अधिकार घेतले होते. युद्ध संपलं की ते जाणार होते. ते जाऊ नयेत, म्हणून 1919 चा रौलट. आणि एक गंमत स्पर्धेत जरूर सांग. त्या बदनाम रौलट कायद्यालाही तीन वर्षांची मुदत होती. आज आपल्याकडे जो यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं रोखण्याचा कायदा आहे, त्याला मुदतच नाही.

हा मुदतीचा मुद्दा नीट समजून घे. माझ्या मते सगळी चावी तिथे आहे.

1984 मध्ये इंदिराजींचा खून झाला. त्या निवडणुकीत काँग्रेसच्या जाहिरातींचा सूर होता की देशाची सीमा उद्या तुमच्या दाराशी येईल. चारशेच्या वर जागा आल्या. 1985 च्या मे महिन्यात टाडा, म्हणजे दहशतवादविरोधी विशेष कायदा, आला. तो दोन वर्षांपुरता होता, म्हणून दर दोन वर्षांनी संसदेत मुदतवाढ मागायला यावं लागायचं, आणि मागताना हिशेब द्यावा लागायचा. 1994 पर्यंतचा हिशेब असा निघाला: सुमारे 76 हजार माणसं पकडलेली, शिक्षेचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत. पंजाबसाठी केलेल्या कायद्यात गुजरातेत हजारोंनी माणसं आत होती. तिथे कसला दहशतवाद होता तेव्हा? हा प्रश्न इतका अडचणीचा झाला की 1995 मध्ये मुदत संपली तेव्हा सरकारने ती वाढवलीच नाही. तो टाडा कुणी मोर्चा काढून घालवला असं मी म्हणणार नाही. मुदत होती म्हणून गेला.

2001 मध्ये अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर पोटा या नव्या दहशतवादविरोधी कायद्याचा अध्यादेश आला, डिसेंबरात आपल्या संसदेवर हल्ला झाला, आणि मार्च 2002 मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत 425 विरुद्ध 296 मतांनी पोटा मंजूर झाला. त्यालाही तीन वर्षांची मुदत. तमिळनाडूच्या वायकोंचा पक्ष सरकारच्या बाजूला होता, त्यांनी पोटाला पाठिंबा दिला. त्याच वर्षी जुलैत, एका भाषणावरून, त्याच पोटाखाली वायकोच आत गेले आणि दीड वर्षाहून जास्त वेल्लोरच्या तुरुंगात राहिले. आमच्या बाररूममध्ये हा किस्सा अजून हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. कायदा करणाऱ्याला वाटत असतं की तो नेहमी दुसऱ्याच्याच घरी जाणार.

2004 मध्ये सरकार बदललं, पोटा रद्द. टाळ्या वाजल्या. पण ज्या सप्टेंबरात पोटा काढला त्याच सप्टेंबरात यूएपीएमध्ये दुरुस्ती झाली आणि पोटातल्या बऱ्याच तरतुदी तिथे जाऊन बसल्या. पोलिसापुढच्या कबुलीसारखं काही वगळलं, हे खरं. पण मुदतही वगळली. यूएपीए मुळात 1967 चा साधा, कायमचा कायदा, त्याला कसली आलीय मुदत? मग 26/11 झालं. हल्ला 29 नोव्हेंबरला संपला आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात यूएपीएची दुरुस्ती आणि एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा उभारणारा कायदा संसदेत पासही झाले. आरोपपत्राविना 180 दिवस कोठडी आणि जामिनाचं ते कलम 43-ड (5) तेव्हाचं. 2019 मध्ये आणखी एक पाऊल: संघटनाच नव्हे, एकटा माणूससुद्धा खटल्याआधी दहशतवादी म्हणून जाहीर करता येतो. टाडा काँग्रेसचा, पोटा भाजपचा, 2008 काँग्रेसचं, 2019 भाजपचं. वादविवादात कुणी तुला 'तू अमक्या पक्षाची' म्हणालं, तर हा क्रम शांतपणे वाचून दाखव.

आता तू म्हणशील, काका, हे कायद्याचं झालं, सत्तेचं काय? सत्ता म्हणजे नुसती मतं नव्हेत. माझ्या धंद्यात सत्ता म्हणजे एखाद्याला निकालाविना आत ठेवता येणं. साध्या खटल्यात मी जामिनासाठी उभा राहतो, तेव्हा पुराव्यातली भोकं दाखवू शकतो. 43-ड (5) मध्ये न्यायाधीशाला सरकारचे कागद वाचून आरोप 'सकृद्दर्शनी खरा' वाटला, की जामीन नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या वटाली निकालाने तर पुरावा खोलात जाऊन तपासायचीही मुभा त्या टप्प्यावर जवळपास काढून घेतली. 2021 च्या नजीब निकालाने थोडी फट ठेवली: खटला लवकर संपण्यासारखा नसेल आणि माणूस फार वर्षं आत असेल, तर घटनात्मक न्यायालय सोडू शकतं. म्हणजे सुटायचं, तर आधी फार वर्षं आत बसायचं. सरकारनेच संसदेत दिलेले आकडे घे. 2016 ते 2019 या चार वर्षांत यूएपीएखाली 5,922 अटका, त्याच काळात दोषी ठरले 132. समोरचा वक्ता हुशार असेल तर म्हणेल, ही तीच माणसं नव्हेत, खटले उशिरा लागतात. बरोबर आहे. तू म्हण, उशिरा लागतात हेच मी सांगतेय.

माझा एक अशील होता, आपल्याच जिल्ह्यातला. यंत्रमागावर काम करायचा. चार वर्षं चार महिने आत. शेवटी सुटला तेव्हा त्याची मुलगी त्याला 'अहो' म्हणून हाक मारत होती. बाप ओळखीचाच नव्हता. निकालपत्रात या गोष्टीला रकाना नसतो.

इकडे तळोजा जेलला तू नाव म्हणून ओळखतेस, मी मुलाखतीच्या रांगेवरून ओळखतो. पुण्यातल्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात यूएपीएखाली पकडलेले आरोपी तिथे होते. त्यातले फादर स्टॅन स्वामी 84 वर्षांचे, पार्किन्सनने हात कापायचे, पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला इस्पितळात ते गेले, तेव्हा ते कच्चे कैदीच होते. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कुठलंच कोर्ट सांगू शकत नाही.

आणि ही किंमत फक्त आरोपी भरतात असं समजू नकोस. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेवर साखळी स्फोट झाले, 189 माणसं गेली. मोक्का, म्हणजे राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला. मोक्कात पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालते. 2015 मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशी. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांची शिक्षा रद्द केली, त्या कबुल्यांवर विश्वास ठेवता येत नाही म्हणून. एक आरोपी तोवर तुरुंगातच वारला होता. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढ्यापुरती, त्याला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. म्हणजे एकोणीस वर्षांनीसुद्धा, विरार लोकलमध्ये ज्याचा मुलगा गेला त्या बापाला 'कुणी मारलं' याचं पक्कं उत्तर नाही. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर दहाच दिवसांनी 2008 च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात सातही आरोपी सुटले. तिथेही सहा मेले होते. एका खटल्यात आरोपी मुसलमान, दुसऱ्यात हिंदू. ज्यांना जो निकाल आवडला त्यांनी तो साजरा केला आणि दुसऱ्यावर संताप काढला. सोपा मार्ग हाताशी असला की तपास आळशी होतो, हे दोन्हीकडे सारखंच दिसलं, पण त्यावर फारसं कुणी बोललं नाही.

गडकरी रंगायतनच्या स्फोटावर कुणी निवडणूक लढल्याचं मला आठवत नाही, हेही जाता जाता नोंदवतो. त्या खटल्यात 2011 मध्ये दोघांना शिक्षा झाली, चौघे सुटले. त्यातल्या आरोपींचे चेहरे आपल्यासारखेच होते. बहुधा राजकारणाला उपयोगी पडायची, तर भीतीला 'ते लोक' लागतात.

मतांचं बोलायचं तर सगळ्यात स्पष्ट उदाहरण रशियाचं. 1999 च्या सप्टेंबरात रहिवासी इमारतींमध्ये स्फोट झाले, तीनशेच्या आसपास माणसं मेली. नुकताच पंतप्रधान झालेला, फारसा कुणाला माहीत नसलेला पुतिन चेचन्यावर तुटून पडला आणि मार्च 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. त्याहून बोलकं 2004 चं. बेस्लानच्या शाळेत अतिरेक्यांनी ओलीस धरले, तीनशेच्या वर बळी गेले, निम्म्याहून जास्त मुलं. दहा दिवसांत पुतिनने जाहीर केलं की प्रांतांचे गव्हर्नर आता लोकांनी निवडायचे नाहीत. शाळेवरच्या हल्ल्याचा आणि गव्हर्नरच्या निवडणुकीचा संबंध काय? काहीही नाही. पण त्या आठवड्यात विचारणार कोण?

अमेरिकेत 9/11 नंतर पंचेचाळीस दिवसांत पेट्रियट अ‍ॅक्ट झाला. सिनेटमध्ये 98 विरुद्ध 1. तो एक मत देणारा फाइनगोल्ड. पुढे तिथल्या सरकारने दहशतवादाच्या धोक्यासाठी रंगांचा इशारा फलक काढला, हिरव्यापासून लालपर्यंत पाच रंग. 2011 मध्ये ती पद्धत बंद होईपर्यंत देशभरासाठीचा इशारा पिवळ्याच्या खाली एकदाही आला नाही. हे वाचताना मला आपल्या स्टेशनवरची घोषणा आठवते, बेवारस वस्तूला हात लावू नका. ऐरोलीहून ठाण्याला रोज येता-जाता ऐकतो. आता ती ऐकूच येत नाही, इतकी सवय झालीय. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याचे तेव्हाचे प्रमुख टॉम रिज यांनी नंतर लिहिलं की 2004 च्या निवडणुकीच्या तोंडावर त्या इशाऱ्याची पातळी वाढवावी असा त्यांच्यावर दबाव आला होता. त्यांनी ती वाढवली नाही, हेही सांग, नाहीतर अर्धवट ठरेल.

आपल्याकडे फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामात सीआरपीएफचे 40 जवान गेले. मग बालाकोट. 9 एप्रिलला लातूर जिल्ह्यात औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्यांना आवाहन केलं की तुमचं पहिलं मत बालाकोटच्या वीर जवानांना, पुलवामाच्या शहिदांना समर्पित होऊ शकतं का. सैन्याचा प्रचारात वापर नको असं निवडणूक आयोगानेच त्याआधी सांगितलं होतं. तक्रार झाली, आयोगाने आक्षेपार्ह काही नाही असा निर्वाळा दिला. तुला काय वाटायचं ते वाटू दे, पण भाषणात घेताना शब्द जसेच्या तसे घे, तिखटमीठ लावू नकोस.

आता विरुद्ध बाजूची उदाहरणं, कारण ती तुझ्यावर फेकली जाणारच. भीती नेहमी मतं देत नाही. 11 मार्च 2004 ला माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, 190 च्या वर मेले. तीन दिवसांवर मतदान. सरकारने घाईघाईने बास्क संघटना ईटीएकडे बोट दाखवलं. खरे गुन्हेगार निराळे असल्याचं बाहेर येत गेलं आणि 14 मार्चला ते सरकार पडलं. आपल्याकडे 26/11 ची चकमक चालू असताना दिल्ली विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर 'सरकार दुबळं' अशा जाहिराती आल्या. तरी दिल्ली काँग्रेसने राखली आणि सहा महिन्यांनी केंद्रातही तेच परत आले. लोक वाटतात तेवढे भोळे नाहीत. पण बघ, 2008 च्या त्या दुरुस्त्या मात्र कुणीही निवडून आलं असतं तरी राहिल्याच असत्या. मतं गेली तरी अधिकार राहतो, म्हणून मी मतांपेक्षा कायद्याकडे जास्त बघतो.

सगळेच मंत्री कावेबाज असतात असंही मी म्हणणार नाही. 26/11 नंतर विलासरावांचं मुख्यमंत्रिपद गेलं, आर. आर. आबांचं गृहखातं गेलं, केंद्रात शिवराज पाटील गेले. त्यातून पुढच्या प्रत्येक गृहमंत्र्याने धडा घेतला: कमी केलं तर खुर्ची जाते, जास्त केलं तर कुणाचंच काही जात नाही. ज्याचं जातं तो तळोज्यात असतो, आणि त्याच्या नावावर मतपेटी नसते. एवढं गणित समोर असल्यावर कट रचायची गरजच काय?

आणि हे नुसतं दिल्लीतच घडतं असं नाही. 2008 मध्ये त्या सानपाड्याच्या ईमेलनंतर आम्ही राहत होतो त्या सोसायटीत तातडीची सभा बोलावली. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, इथवर ठीक होतं. मग एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, माहितीबिहिती नंतर, 'तसल्या' लोकांना घर द्यायचंच नाही असा ठराव करा. दुसऱ्या मजल्यावर एक इंजिनिअर सहा वर्षं राहत होता. गणपतीत वर्गणी द्यायचा, लिफ्ट बंद पडली की पहिला धावायचा. ठराव लिहिला गेला नाही, पण महिन्याभरात तो घर सोडून गेला. मी वकील असून त्या सभेत तोंड उघडलं नाही. घरी लहान मुलं होती, आठवडाभर टीव्हीवर तेच चालू होतं, मलाही भीती वाटत होती. पुढच्या वर्षी ते गृहस्थ बिनविरोध चेअरमन झाले.

शेवटी ताजं उदाहरण, कारण परीक्षक ते विचारतील. 2025 च्या जुलैत आपल्या विधिमंडळात विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. नक्षलवादाच्या नावावर. आधीच्या मसुद्यावर बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या होत्या, संयुक्त समितीने व्याख्येत थोडा बदलही केला. पण विधानसभेत उघड विरोध करून उभे राहिले ते डहाणूचे माकपचे विनोद निकोले, जवळजवळ एकटेच. पूर्वीच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातले. फाइनगोल्डच्या शेजारी त्यांचं नाव घ्यायला हरकत नाही. बाकीचे का गप्प होते? नक्षलवाद्यांच्या बाजूचा हा शिक्का कुणाला हवा असतो? त्या जुन्या सोसायटीच्या सभेत मी गप्प होतो, त्याचंच मोठं रूप. आणि ज्या बीएनएसचं, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेचं, पुस्तक तू दप्तरात घेऊन फिरतेस, त्यात 1 जुलै 2024 पासून कलम 113 आहे, दहशतवादी कृत्याचं. म्हणजे जे कधीकाळी विशेष कायद्यात, दोन वर्षांच्या बोलीवर होतं, ते आता रोजच्या फौजदारी कायद्यात येऊन बसलंय. ते लावायचं की यूएपीए, हे ठरवतो पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी.

रविवारी सकाळी ये. टाडाची माझी जुनी प्रत काढून ठेवतो. मुदतीचं कलम पहिल्याच पानावर आहे, ते वाच आणि मग यूएपीए उघडून तसलं काही सापडतं का बघ. पानं सुटलीयत, जपून उलट.